"ठेविले अनंते" आणि "असाध्य ते साध्य" दोन्ही तुकोबांचंच, मग बाबांना नेमकं काय सांगू?

चरईकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, पायही बऱ्यापैकी परत आलाय, वॉकर धरून हॉलमधून बाल्कनीपर्यंत जातात. अडलंय ते डाव्या हातावर. फिजिओ मॅडम म्हणतात अंगठा आणि पहिली दोन बोटं हलायला लागलीत म्हणजे आशा आहे पण रोज घोटून घ्यायला हवं. कपडे वाळत घालायचे चिमटे असतात ना, ते एका डब्याच्या कडेला लावायचे आणि काढायचे, दहा-दहा वेळा, दिवसातून चारदा. बाबा दोन चिमटे लावतात. तिसरा निसटून टेबलाखाली जातो. मग ते उजव्या हाताने डावा हात उचलतात, अलगद मांडीवर आणून ठेवतात आणि म्हणतात, "ठेविले अनंते तैसेचि राहावे." झालं, त्या दिवसाचा व्यायाम संपला.

दुसरं कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण बाबांनी २६ वर्षं ठाण्याहून सुटणाऱ्या सीएसएमटी स्लोमध्ये भजन केलंय, सकाळी ऑफिसला जाताना, हातात टाळ घेऊन. मी लहान असताना एकदा त्यांच्यासोबत त्या डब्यातून गेले होते, मुलुंड येईपर्यंत अख्खा डबा एका लयीत डोलत होता ते अजून आठवतं. अशा माणसाच्या तोंडून तुकोबा आले की मी पुढे काय बोलणार.

आणि मला जास्त छळतंय ते हे, की मी दहावीला सहामाहीत गणितात नापास झाले तेव्हा याच बाबांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवलं होतं, "असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास, तुका म्हणे." तो पुठ्ठा माळ्यावर सापडला, परवा काढून दाखवला. बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, "ते शिकायच्या वयाला आहे गं. हे म्हातारपणाला."

असं असतं का? वयाप्रमाणे ओळ बदलते?

त्यात गेल्या रविवारी ओळखीतले एक काका भेटायला आले, सत्संगाला वगैरे जातात, ते बाबांसमोरच मला म्हणाले की देहाचा भोग भोगूनच संपवायचा असतो, मुलीने सारखं मागे लागून त्यांच्या शांतीत अडथळा आणू नये. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. गीता उघडली तर सहाव्या अध्यायात म्हणतात स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, आणि अठराव्यात म्हणतात सगळं सोड आणि मला एकट्याला शरण ये. मग माणसाने हातपाय मारायचे की नाही? तुम्ही लोक हे दोन्ही एकत्र कसं धरता? देव आहे की नाही हा वाद इथे कृपया नको, मला बाबांशी बोलायचंय आणि त्यांच्याच भाषेत बोलायचंय.

माजिवडेकर

ताई, आधी काकांच्या तब्येतीला लवकर आराम पडो. माझ्या मते दोन्ही बरोबर आहे, ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. संतांनी सगळ्यांसाठी सगळं लिहून ठेवलंय. जास्त विचार करू नका, त्यांना थोडा वेळ द्या.

ऐरोलीचे मास्तर

चरईकर ताई, मी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, आता रिटायर आहे. दोन्ही ओळी बरोबर असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण तुमच्या घरी त्या दोन ओळींमुळे एक हात मांडीवर पडून आहे.

आपली सवय अशी झालीये की अभंगातली एकच ओळ तोडायची आणि सुभाषितासारखी वापरायची, अख्खा अभंग कोणी म्हणत नाही. ठेविले अनंतेचा अख्खा अभंग तीनच कडव्यांचा आहे. "ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान. वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ, भोगणे ते फळ संचिताचे. तुका म्हणे घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवापायी."

आता यात "वाहणे" दोनदा आलंय बघा. दुसऱ्या कडव्यात उद्वेग वाहणं म्हणजे डोक्यावर ओझं वाहणं, आणि शेवटी संसार देवापायी वाहणं म्हणजे फूल वाहतो तसं वाहणं. एकच क्रियापद पण पहिल्यात आपण वाकतो आणि दुसऱ्यात मोकळे होतो. वर्गात हे सांगताना मी दरवेळी थांबायचो, मुलांना कळो न कळो. आणि फूल वाहायचं तर ते आधी तोडून, निवडून, ताटात आणावं लागतं, हात लागतोच. तुकोबा सोडायला सांगतायत तो उद्वेग. हात हलवू नका असं त्या तीन कडव्यांत कुठेही नाही. समाधान ठेवायची जागासुद्धा सांगितलीये, चित्ती. संचिताची ओळ त्यात आहे हे खरं, तुमच्या त्या काकांनी तेवढीच उचलली, पण भोग आहे म्हणणं वेगळं आणि उपचार करू नका म्हणणं वेगळं.

दुसरा अभंग त्याहून मजबूत आहे आणि तो तर कोणालाच पुरता माहीत नसतो. त्याची सुरुवात "साधुनी बचनाग खाती तोळा तोळा" अशी आहे. बचनाग म्हणजे जालीम विष. सरावाने लोक ते तोळा तोळा पचवतात, बाकीच्यांना ते डोळ्यांनी बघवत नाही. पुढे म्हणतात, सरावाने लोक साप हातात धरतात, इतरांना नुसतं बघून कापरं भरतं. आणि मग ती आपली ओळ, असाध्य ते साध्य. मला यात कायम हे दिसतं की सरावाने विष गोड होत नाही, साप गांडूळ होत नाही. ते जिथल्या तिथेच, अनंताने ठेवलं तसंच, बदलतो तो माणूस. म्हणून या दोन अभंगांचं मला कधी भांडण वाटलं नाही.

आणि हे लिहिणारा माणूस बघा की. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तेव्हा ठेविले अनंते म्हणून घरी जाऊन झोपले नाहीत, परंपरा सांगते की तेरा दिवस अन्नपाण्यावाचून विठ्ठलाच्या दारात बसून राहिले. बाबांना हे माहीत असणारच, तुम्ही फक्त आठवण करून द्या. "ते शिकायच्या वयाला आहे" याला माझं उत्तर एवढंच की ७१व्या वर्षी चिमटा धरायला शिकणं हेही शिकणंच आहे.

नेरूळ पूर्व

मास्तर, वाहणेबद्दल जे लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, पण एका गोष्टीवर अडलो. तुम्ही गाठ फार सहज सोडवलीत. सगळ्या गाठी शब्दांच्या अर्थाने सुटत नाहीत हो. कठोपनिषदात सरळ म्हटलंय की आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, खूप ऐकून नाही, तो ज्याला निवडतो त्यालाच मिळतो, आणि हे कोणाला सांगितलंय तर यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेल्या पोराला, म्हणजे मिळवायला निघालेल्यालाच सांगितलं की मिळवून मिळत नाही. हे कितीही फोड करून सांगितलं तरी विरोध राहतोच आणि मला वाटतं तो राहावा म्हणूनच ठेवलाय.

मी हे पुस्तकातून बोलत नाहीये. मी दारू सोडलेला माणूस आहे, नऊ वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची पहिली पायरी काय आहे माहितीये का, की दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करायचं. मी पहिल्यांदा वाशीला मीटिंगला गेलो आणि हे ऐकून उठून निघालो होतो, म्हटलं अरे मी इथे ताकद मागायला आलोय आणि हे म्हणतायत ताकद नाही असं कबूल कर. स्वतःच्या जोरावर तेव्हा मी कितीतरी वेळा सोडली होती आणि तितक्याच वेळा धरली होती. ज्या दिवशी खरंच कबूल केलं, बायकोसमोर, जेवणाच्या टेबलावर, की माझ्याच्याने होत नाही, त्या दिवसापासून लागली नाहीये. पण कबूल करून घरी बसलो नाही हां, पहिले तीन महिने रोज मीटिंग, पावसात पाणी भरलेलं असताना पण. माझ्याच्याने होत नाही असं म्हणणारा माणूस रोज चपला घालून निघत होता, याला काय म्हणायचं मला आजही सांगता येत नाही.

तिथेच एका जुन्या मेंबरने मला आनंद भिक्षूंची गोष्ट सांगितली होती, पाली सुत्तांमध्ये आहे. उण्णाभ नावाचा ब्राह्मण त्यांना विचारतो, इच्छा सोडायची साधना तुम्ही इच्छेनेच करता, मग याला अंतच नाही. आनंद म्हणतात, तुला या बागेत यायची इच्छा होती ना? होती. बागेत पोचल्यावर ती इच्छा उरली का? नाही उरली. बस. तेव्हा मला दारू सुटावी याची इतकी हाव होती की त्या हावेनेच झोप उडायची, आणि ही गोष्ट ऐकून पहिल्यांदा वाटलं की ठीक आहे, ही हाव पण चालेल, पोचलो की जाईल.

ताई, बाबांबद्दल मला एकच विचारावंसं वाटतं. ते शरण कोणाला गेलेत? विठ्ठलाला की त्या हाताला? मी दहा वर्षं बाटलीला शरण होतो आणि त्याला नशीब म्हणायचो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

कोपरखैरणे ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, स्ट्रोकचे पेशंट रोज बघते. अभंगांवर मी बोलणार नाही, वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते मी सेव्ह करून ठेवलंय. पण नेरूळवाल्या दादांचा शेवटचा प्रश्न मी वेगळ्या बाजूने विचारते.

चरईकर, बाबांच्या चित्तात समाधान आहे का? म्हणजे खरंच, तुम्हाला घरात दिसतं का? झोप कशी आहे? जेवण? आधी जे आवडीने करायचे त्यातलं काय काय चालू आहे? कारण स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं आणि आपल्याकडे ते पटकन ओळखू येत नाही, माणूस रडत नाही, चिडत नाही, शांत होतो आणि सगळे म्हणतात किती छान स्वीकारलं. मेंदूला इजा झालेली असते, त्यामुळे हा मनाचा कमकुवतपणा किंवा श्रद्धा कमी पडली असं अजिबात नाही, त्याच्यावर उपचार आहेत आणि डिप्रेशन निवळलं की पेशंट व्यायामही जास्त करतात. तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

दुसरं, चार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते हे खरं, पण नंतर बंद होते असं नाही. मेंदूला नवीन वाट पाडायची असते आणि ती वाट तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यानेच पडते, तीही शक्यतो अशा कामात जे त्या माणसाला खरंच करायचंय. चिमटे आम्ही सगळ्यांनाच देतो कारण ते घरात असतात. पण तुमच्या बाबांनी २६ वर्षं टाळ धरलाय! टाळ धरताना दोरी बोटांत गुंडाळून अंगठा आणि पहिल्या बोटांनीच आधार देतात ना, म्हणजे नेमकी तीच पकड जी तुमच्या फिजिओ मॅडमना हवीये. डाव्या हातात नुसता धरायचा, वाजवायचा उजव्याने. फिजिओंना विचारून बघा, आणि डावा हात उशीवर टेकवूनच सुरू करा, खांद्यावर ताण यायला नको.

चरईकर

ओटी ताई, तुमचा मेसेज ऑफिसमधून घरी येताना ट्रेनमध्ये वाचला, घणसोलीला चढले आणि ठाणं कधी आलं कळलं नाही.

झोप नाहीये. तीनला उठतात आणि बाल्कनीत बसून राहतात, आम्हाला वाटायचं दुपारी झोपतात म्हणून असेल. आणि तुम्ही विचारलंत आवडीचं काय चालू आहे, तर लिहिताना हात थांबला, बाबांनी हरिपाठ म्हटलेला मी हॉस्पिटलमधून आल्यापासून ऐकलेलाच नाहीये. आई संध्याकाळी मोबाइलवर लावते, ते डोळे मिटून पडून असतात, आम्हाला वाटायचं ऐकतायत. चार महिने. जो माणूस १०४ ताप असताना पण हरिपाठ चुकवत नव्हता. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही हेच कळत नाहीये.

नेरूळवाले दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक मिळालं. विठ्ठलाला शरण गेलेला माणूस विठ्ठलाचं नाव घ्यायचं बंद करेल का?

ज्ञानसाधना गल्ली

चरईकर, स्वतःला दोष देऊ नकोस गं. मी सासूबाईंचं पाच वर्षं केलं, रोज समोर असणाऱ्या माणसातला बदल घरच्यांनाच सगळ्यात उशिरा दिसतो.

मला हे सगळं वाचताना ताटीचे अभंग आठवत होते. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले असं सांगतात. म्हणजे बघ, ज्ञानेश्वर! ज्यांनी अख्ख्या विश्वाला आपलं घर म्हटलं त्यांनीच दार लावून घेतलं. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं समाधीला बसलेत, एकांत हवाय, त्रास देऊ नका. आणि दाराशी कोण गेलं तर धाकटी बहीण. मुक्ताईने त्यांना वेगळं काही तत्त्वज्ञान सांगितलं नाही, त्यांचंच त्यांना ऐकवलं, की विश्व रागाने आग झालं तर संतांनी पाणी व्हावं, आणि दर वेळी शेवटी तेच, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. मला तर यातली खरी उलटापालट हीच वाटते की जगाला शिकवणाऱ्याला ते धाकट्या पोरीकडून परत ऐकावं लागलं.

तू पुठ्ठा दाखवलास ना, ते हेच होतं. एकदा दाखवून झालं नाही म्हणून सोडू नकोस, मुक्ताईने पण एकदाच म्हणून सोडलं नाही. आणि त्या काकांचं मनावर घेऊ नकोस, ते अर्ध्या तासासाठी आले होते.

ऐरोलीचे मास्तर

नेरूळवाले, तुमचं मान्य. मी शिक्षक, मला फोड करून सांगायची खोड आहे. तुमच्या चपला घालून निघण्याला माझ्याकडेही शब्द नाही. आणि ओटी ताईंनी जी परीक्षा सांगितली, चित्तात समाधान आहे का, ती त्याच अभंगाच्या पहिल्या कडव्यात माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती बाबांना लावून बघितलीच नाही. क्रियापदावर तासभर बोललो आणि माणूस राहिला.

चरईकर

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत म्हणून कळवायलाच हवं होतं.

डॉक्टरांनी बाबांशी एकट्याशी बराच वेळ बोलून एक गोळी सुरू केलीये, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाले. झोप थोडी सुधारलीये, आता पाचला उठतात.

टाळ फिजिओ मॅडमनी लगेच हो म्हटलं. टाळ बाबांच्या जुन्या ऑफिसच्या बॅगेत होते, रेल्वेच्या पासचं प्लॅस्टिकचं पाकीटही त्यातच. पहिल्या दिवशी बॅग नुसती बघितली आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पण तेच. मी काही बोलले नाही, टाळ टेबलावर चिमट्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिले. चौथ्या दिवशी मी मास्तरांचा मेसेज समोर धरून अख्खा अभंग मोठ्याने म्हटला, मला चाल येत नाही, वाचल्यासारखाच म्हटला, आणि वाहू हा संसारपर्यंत आले तर बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "वाहू असं तोडायचं नाही, 'हू' ओढायचा, तिथे टाळ येतो." आणि म्हणून दाखवलं. एकच ओळ. आवाज बसलेला होता, चार महिन्यांत लावलाच नव्हता ना. आई स्वयंपाकघरातून पोळीचं लाटणं हातात घेऊन तशीच बाहेर आली.

मग मी डाव्या हाताखाली उशी ठेवली, दोरी बोटांभोवती गुंडाळली. टाळ दोनदा पडला, फरशीवर इतका मोठा आवाज झाला की खालच्या काकू बघायला वर आल्या. तिसऱ्यांदा धरला. किती वेळ म्हणाल तर चार ओळी, नंतर मनगट थरथरायला लागलं म्हणून मीच काढून घेतला. हरिपाठ अजून स्वतःहून म्हणत नाहीत. काही दिवस टाळ नको म्हणतात, काही दिवस ठेविले अनंते पण म्हणतात, पण आता मी पुढचं कडवं म्हणते आणि कधीकधी ते तिसरं पूर्ण करतात.

आता एक अडचण आहे, ओटी ताई बघाल का. जुनी दोरी बारीक आहे, बोटांत रुतते आणि बाबांना त्या बोटांना नीट कळत नाही त्यामुळे वळ उठले तरी सांगत नाहीत. ते म्हणतायत जांभळी नाक्याला जाड सुती दोरी मिळेल ती आण, मला वाटतं कापडाची पट्टी शिवून घ्यावी. शनिवारी जाणार आहे, साधारण किती रुंद हवी?